तेवीस, नाहीतर एकोणतीस

यशवंत आप्पांनी माझ्या डोळ्यांदेखत चार माणसांना मारलं. जिवे नव्हे, पण मारलं म्हणजे चांगलंच मारलं. एकाचा पाय अजून सरळ पडत नाही. त्या चौघांत एक मीही आहे. एवढं होऊनही, आजवर भेटलेल्यांत सगळ्यात जपून वागणारा माणूस कोण असं कुणी विचारलं, तर माझ्या तोंडी पहिलं नाव त्यांचंच येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई थट्टा करतेय. वाटू दे.

मी लातूरची. सिव्हिलची पदवी घेऊन पुण्यात आले, भूगावात आणखी तिघींबरोबर भाड्याने फ्लॅट घेतला आणि एका बिल्डरकडे साइट इंजिनिअर म्हणून लागले. पौडच्या पुढे, माले गावाच्या अंगाला डोंगराची एक सोंड उतरलेली होती. ती फोडून सपाट करायची आणि तिथे बंगल्यांचे प्लॉट पाडायचे, असं काम. खडक इतका निबर की जेसीबीचे दात बोथट व्हायचे, म्हणून सुरुंग. सुरुंगाचा ठेका पप्पूशेठकडे होता. नांदे गावाकडची वडिलार्जित जमीन बिल्डरला देऊन हा गडी स्वतःच ठेकेदार झालेला. गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट, आणि बरोबर कायम दोन दांडगे. सुरुंगाचा परवाना त्याच्या मेव्हण्याच्या नावावर होता. मेव्हणा मला कधीच दिसला नाही. भोकांत दारूच्या कांड्या भरायचे, त्यांना डिटोनेटरच्या टोप्या बसवायचे, वाती कापायचे आणि पेटवायचे ते आप्पा.

पहिल्या दिवशी मी नकाशा घेऊन जीपमधून उतरले. समोर साठीचा, काटक, उघड्या डोक्याचा माणूस पहार घेऊन उभा होता. डाव्या हाताला तीनच बोटं.

"किती भोकं म्हनता?" त्यांनी विचारलं. उजव्या कानाने त्यांना काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून डावा कान माझ्याकडे केला.

"पाच ओळी, एकेका ओळीत पाच," मी म्हणाले. "पाचा पाचा पंचवीस."

पुढचं मला नीट दिसलंच नाही. पहार फिरली आणि जीपची पुढची काच खळकन माझ्या पायाशी सांडली. ड्रायव्हर आईवरून शिव्या देत खाली उतरला आणि आप्पांचं तोंड बघून परत आत बसला.

"हितं पाढा म्हनायचा न्हाई," आप्पा शांतपणे म्हणाले. "पंचवीस चालत न्हाई. तेवीस करा, न्हाईतर एकोनतीस. मधलं कायबी सांगू नका."

माझं तोंड गप्प बसेना. "कुठल्या पुस्तकात लिहिलंय हे?"

"माज्या," ते म्हणाले आणि पाठ फिरवून चालू लागले.

दगडात भोकं पाडायचं यंत्र चालवणारा बुधराम छत्तीसगडचा होता, चाळिशीचा, गरीब स्वभावाचा. तो काचा गोळा करायला आला आणि हळूच म्हणाला, "मैडम, आप्पा के सामने पहाड़ा मत बोलना. एक-एक गिनना." त्या दिवशी पंचवीसची तेवीस झाली. मी ऑफिसला फोन करून तक्रार केली. ऑफिसने सांगितलं, एवढ्या पैशात दुसरा मिळत नाही, सांभाळून घ्या.

सांभाळून घेणं म्हणजे काय, ते पुढच्या पंधरवड्यात कळलं. आप्पांच्या सुरुंगाची भोकं कधी सतरा, कधी एकोणीस, कधी तेवीस, कधी एकतीस. मी मनाशी ते आकडे जुळवत राहिले आणि एका दुपारी डबा खाता खाता उलगडा झाला: सगळ्या मूळ संख्या. ज्या कुणाच्याही पाढ्यात येत नाहीत, एकाच्या आणि स्वतःच्या सोडून. अठरा तीनाच्या पाढ्यात सापडतो, एकवीस साताच्या. एकोणीस शोधत बसा, कुठल्याच पाढ्यात नाही. एकोणीस दगड घ्या आणि सारख्या ओळींत मांडून दाखवा. एक तरी उरतो, नाहीतर एक तरी कमी पडतो. आप्पांना मूळ संख्या हा शब्द माहीत नव्हता. ते त्यांना हट्टी आकडे म्हणायचे.

सुरुंग उडवायची त्यांची रीत ठरलेली होती. वाती कमीजास्त लांबीच्या, म्हणजे धडाके एकामागून एक होणार. वाती पेटवून सगळे मोठ्या कातळाआड यायचे आणि प्रत्येकाने धडाके मोजायचे. तोंडाने नाही, मनात. पहिला धडाका झाला की छातीत बुक्की बसल्यासारखं व्हायचं, दुसऱ्याला दात आपटायचे, मग ते किती चाललंय तेच कळेनासं व्हायचं. वरून खडी पडायची, पत्र्याच्या शेडवर तडतडायची. एकदा उशीएवढा दगड पाण्याच्या टाकीतून आरपार गेला. धुरात आप्पा मांडी घालून बसलेले असायचे आणि दर धडाक्याला स्वतःच्या मांडीवर मूठ आपटायचे. त्यांची ती मांडी कायम काळीनिळी असायची. सगळं थांबलं की प्रत्येकाने जाऊन त्यांच्या डाव्या कानात आपला आकडा सांगायचा. सगळ्यांचे आकडे जुळले आणि भोकांइतके भरले तरच पुढे जायचं. एकाचाही आकडा चुकला तर तासभर कुणी हलायचं नाही. न फुटलेला सुरुंग आत निजलेला असतो, त्याच्यावर पहार पडली की तो जागा होतो.

भोकं सारख्या ओळींत असली की माणूस मोजत नाही, ही त्यांची खात्री. "वळी बगतो, पाढा म्हनतो, आन मोकळा हुतो. हट्टी आकड्याला तसं करता येत न्हाई. त्येला बोटच लावावं लागतंय."

एकदा बुधरामने पुढच्याचा आकडा ऐकून तोच सांगितला. आप्पांनी विचारलं, "तू मोजलं?" तो हो म्हणाला. "मंग बारावा धडाका मोटा हुता का ल्हान?" बुधरामने पुढच्या माणसाकडे बघितलं. आप्पांनी त्याच्या तोंडावर अशी एक ठेवून दिली की ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. बुधरामने ते पुसलं आणि कामाला लागला, मला म्हणाला, "ठीक मारा." जेसीबीच्या ड्रायव्हरचा मोबाइल मोजणीच्या मध्यात वाजला, तेव्हा आप्पांनी आधी मोबाइल उतारावर फेकला आणि मग त्याच्या मागोमाग ड्रायव्हरला. तो गडी ढोपरं फोडून वर आला तो थेट पौडला पोलिसांत गेला. पोलिसांनी दोघांना चहा पाजून परत पाठवलं.

माझी पाळी तिसऱ्या आठवड्यात आली. ऑफिसला फोटो हवे होते, घाईने. एकोणीस भोकांचा सुरुंग झाला. मी मोजलं नव्हतं; इंजिनिअरने मोजायचं असतं असं मला कुणी शिकवलंही नव्हतं. धूर विरतो न विरतो तोच मी कॅमेरा काढून पुढे गेले. चार-पाच पावलं गेले असेन. मागून पावलं धावत आली, खांद्याला धरून कुणीतरी मला वळवलं आणि कानशिलात अशी बसली की डोक्यावरचं हेल्मेट उडून गेलं. मी खडीत पालथी पडले. तोंडात माती आणि रक्त. माझ्या बापाने मला कधी बोट लावलं नव्हतं, आणि हा मजूर माणूस मला चारचौघांत मारतो! मी तिथेच बसून रडत रडत मोबाइलवर तक्रार लिहायला घेतली.

आप्पा माझ्यापासून हातभर अंतरावर बसले. माफी मागितली नाही, समजूत काढली नाही. तासभर असेच बसून राहिले. मग उठले, एकटेच खडीत शिरले, ओणवे होऊन हाताने एकेक दगड बाजूला करू लागले. पाऊण तासाने त्यांनी मला हाक मारली, लांबूनच बघायला सांगितलं. फुटलेल्या खडकात एक भोक तसंच होतं आणि त्यातून वातीचं काळं शेपूट लोंबत होतं. मी फोटोसाठी जिथे उभी राहणार होते, तिथून ते चार पावलांवर होतं.

"अठरा वाजल्यात," ते म्हणाले. "तुमी मोजलं न्हाई."

मी ती तक्रार पुसून टाकली. गाल आठवडाभर सुजलेला होता. फ्लॅटमधल्या मैत्रिणींना मी दाढ दुखतेय म्हणून सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला मालेला घरी जेवायला बोलावलं. दोन खोल्यांचं घर, दारात जास्वंद, आत बुद्धाची तसबीर. शेवंताबाई, त्यांची बायको, माझ्या गालाकडे बघत म्हणाल्या, "मारलं म्हनं तुमाला. घरात कदी हात उचलत न्हाईत. सगळा राग भायेरच." आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मागच्या खोलीची भिंत वरपासून खालपर्यंत कोळशाने लिहिलेली होती. आकडेच आकडे. एका ओळीत एक शेकडा, आणि त्यातले हट्टी आकडे तेवढे लिहिलेले. दोन हट्ट्यांच्या मध्ये जितकं अंतर, तितकी जागा मोकळी सोडलेली. कुठे अकरा-तेरा, सतरा-एकोणीस अशी जुळी खेटून उभी, कुठे हात पसरावा इतकी भिंत कोरी. त्या कोऱ्या जागांना आप्पा खिंड म्हणायचे.

"ही ल्हान खिंड," त्यांनी बोट टेकवलं. "तेवीस ते एकोनतीस. मदी कोन न्हाई. ही बगा मोटी. एकशे एक, एकशे तीन, एकशे सात, एकशे नऊ, एकशे तेरा, नुसती जत्रा. आन मंग एकदम वसाड. एकशे सत्तावीसपातूर मानूस न्हाई. ही तर त्याच्यावरताण, आटशे सत्त्याऐंशी ते नऊशे सात."

"हे सगळं कुठे शिकलात?"

"येरवड्याला," शेवंताबाई चुलीपासून म्हणाल्या.

मग आप्पांनी सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. त्यांना सुदाम नावाचा धाकटा भाऊ होता. दोघं मिळून विहिरी फोडायचे. नांद्याजवळ एकाची विहीर होती. आता तिथे इमारती झाल्यात. विहिरीच्या तळाला सहा-सहाच्या चार ओळी घेतल्या होत्या. मुकादम काठावर उभा. धडाके झाले, त्याने चोवीस मोजले. खाली न उतरता त्याने ओळी आठवल्या, "सा चोक चोवीस, झालं समदं," म्हणाला. सुदाम दोराने खाली उतरला आणि त्याने कुदळ मारली.

"एका वळीत सात हुती," आप्पा म्हणाले. "कडंला खडक निबर लागला म्हनून मी एक जास्तीचं मारलं. भरलं बी मीच. मुकादमाला सांगितलं न्हाई. म्हनलं, एका भोकाचं काय सांगायचं?"

भाकरीचा तवा तापून धूर निघत होता.

"दोरानं वर वढला तवा त्येचं तोंड न्हवतंच. म्या मुकादमाला खोऱ्याच्या दांड्यानं बडवला. जबडा मोडला, एक डोळा गेला त्येचा. लोकांनी धरलं म्हनून वाचला. तुरुंगात एकच इचार. मुकादम पाढा म्हनला त्ये खरं, पर पंचवीसावं माजंच की. अंगनात खडे हुते. चोवीस खडे मांडले, वळी झाल्या. पंचवीस मांडले, पाचाच्या पाच वळी झाल्या. दोनी आकडे पाढ्यातले. माजा भाऊ खिंडीत मेला."

कुणाच्या दुःखात नुसती मान हलवायची मला सवय नाही. मला रडू आलं आणि मी रडले. आप्पांनी मात्र पुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकदम चिडून बोलू लागले. त्यांचा एक राग होता, आणि तो या भिंतीवर होता. पहिल्या शेकड्यात हट्टी पंचवीस. दुसऱ्यात एकवीस. तिसऱ्यात सोळा, चौथ्यात सोळा. जसजसं पुढे जावं तसे विरळ होत जाणार, हे त्यांनी ओळखलं होतं. पण पाचव्या शेकड्यात सतरा! हे त्यांना सहन होईना. आपण चुकलो असं समजून त्यांनी तो शेकडा पुन्हा पुन्हा तपासला, भिंत पुसली, परत लिहिली. शेवटी गावातल्या एका मास्तरला विचारलं. मास्तर हसला, म्हणाला, "आप्पा, ह्या वयात गणित कशापायी?" आप्पांनी त्याची मोटारसायकल ढकलत नेऊन ओढ्यात लोटली.

मी मोबाइलवर पाहिलं. "सतराच आहेत आप्पा. तुमचं बरोबर आहे."

"मंग कमी हुत्यात का न्हाई?"

"होतात. लाखभर आकडे एकदम घेतले तर अगदी रीतीने कमी होतात, त्याचं मापही काढलेलं आहे. पण जवळून बघाल तर शिस्त नाही. पुढचा कुठे उभा असेल ते कुणालाच आधी सांगता येत नाही."

"लई शिकल्याल्यांना बी?"

"त्यांनाही. जुळी पुढे संपतात की चालूच राहतात, हेसुद्धा अजून कुणाला ठाऊक नाही."

त्यांनी भिंतीवर मूठ आपटली, पोपडा खाली पडला. "आन खिंड? जास्तीत जास्त केवडी?"

खरं सांगावं की नाही, मला कळेना. मी सांगितलं. दोनपासून सहापर्यंतचे आकडे एकमेकांनी गुणा, सातशे वीस येतात. त्यात दोन मिळवा, तो दोनाच्या पाढ्यात, तीन मिळवा, तीनाच्या, असं सहापर्यंत. पाच आकडे ओळीने पाढ्यातले. सहाच्या जागी शंभर घ्या, नव्याण्णव ओळीने. लाख घ्या, लाखाची खिंड.

आप्पांनी भिंतीवरच्या कोऱ्या खिंडीवरून तळहात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजी मानूस चालत ऱ्हायचा आन पुडं गाव हाय का न्हाई त्ये बी ठावं न्हाई."

"गाव आहेच. किती लांब ते सांगता येत नाही, पण आहेच." आणि मी त्यांना तेही समजावलं: समजा सगळे हट्टी आकडे हातात आले असं कुणी म्हणालं, तर ते सगळे गुणून त्यात एक मिळवायचा. तो आकडा त्यांतल्या कुणाच्याच पाढ्यात बसत नाही, दर वेळी एक उरतोच. म्हणजे कुणीतरी नवा हट्टी असलाच पाहिजे.

त्यांनी जमिनीवर कोळशाने करून पाहिलं. दोन, तीन, पाच, गुणून तीस, वर एक. "एकतीस," ते म्हणाले. आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. वरचे दोन दात नव्हते.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण तेच सांगायला बसलेय.

प्लॉटचं भूमिपूजन ठरलं होतं आणि सोंडेची शेवटची कड तशीच उभी होती. शेवंताबाईंचा डोळा दाखवायला आप्पा सकाळी पौडला गेले होते. तेवढ्यात पप्पूशेठने बुधरामला जुंपलं आणि कडेला दोन सरळ ओळी पाडून घेतल्या. तेरा आणि तेरा. कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर लगेच दुसऱ्या साइटवर पाठवून दिला. अकराच्या सुमारास आप्पा आले, ओळींवरून चालत गेले, एकेका भोकाला बोट लावत.

"सव्वीस," ते म्हणाले. "तीन बुजवा, न्हाईतर आनखी तीन पाडा."

"यंत्र गेलं," पप्पूशेठ म्हणाला. "आन बुजवायचं न्हाई. तेरा दुणे सव्वीस. भर चल."

आप्पा टोप्यांच्या पेटीवर जाऊन बसले. "मी भरनार न्हाई."

"ए म्हाताऱ्या, तुझं येड आजवर लई ऐकून घेतलं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. इंजिनिअर मी होते. काम थांबवा म्हणायचा अधिकार माझा होता. सकाळपासून ऑफिसचे सहा फोन येऊन गेले होते. मी पुढे गेले आणि आप्पांना म्हणाले, "आप्पा, आजचा दिवस सव्वीस होऊ द्या. मी स्वतः एकेक मोजते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी बी?" एवढंच म्हणाले.

मग पप्पूशेठच्या दोन दांडग्यांनी त्यांना पेटीवरून ओढलं. आप्पांनी एकाच्या मनगटाचा चावा घेतला, तशी दुसऱ्याने रबरी पाइप उचलला. मी पाइपाचे आवाजही मोजले असतील, कारण अजून आठवतात. पाठीवर, मानेवर, आणि एक डाव्या कानावर. त्या कानातून रक्ताची धार खांद्यावर आली. आप्पा गुडघ्यावर बसले आणि डोकं हलवू लागले, कानात पाणी गेल्यावर माणूस हलवतो तसं. ऐकू येणारा तो एकच कान होता. मी "थांबा" म्हणाले. फार हळू म्हणाले असेन.

सुरुंग त्या दोघांनी आणि बुधरामने मिळून भरले. आम्ही कातळाआड गेलो. धडाके सुरू झाले, आणि मी मोजले. खरंच मोजले, नखं तळहातात रुतवून. पाचवा आणि सहावा जवळजवळ आले. एकविसाव्याला कड ढासळली आणि सगळं अंग हादरलं. पंचवीस. मग खडी पडल्याचा आवाज, मग काहीच नाही.

"झाले सव्वीस," पप्पूशेठ उठला. "चला."

माझे पंचवीस होते. पण कुठे दोन एकदम झाले असतील तर? एवढ्या गोंधळात माझंच चुकलं असेल तर? आप्पा कातळाला टेकून बसले होते, रक्ताने अर्धा चेहरा माखलेला. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मांडीवर मूठ आपटायला त्यांना धडाकाच सापडला नसणार. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "किती?" त्यांनी विचारलं. पप्पूशेठही माझ्याकडे बघत होता. मी खाली पाहिलं.

तेवढ्यावरून ते समजले. बुधराम पहार घेऊन निघाला होता, त्याच्या पुढे पप्पूशेठ, पांढरे बूट खडीत रोवत. आप्पा उठले. मार खाल्लेला म्हातारा इतका चपळ उठेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांनी बुधरामच्या हातातली पहार हिसकली आणि दोन्ही हातांनी पप्पूशेठच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सुरुंगाहून लहान असतो, पण मला तोच जास्त ऐकू येतो. शेठ किंचाळत कोसळला. त्याचे दोघे धावून गेले आणि त्यांनी आप्पांना तुडवायला सुरुवात केली. मग शेठचं लोंबतं पाऊल बघून त्याला उचलायच्या नादाला लागले. आत कुणी गेलं नाही. आप्पांना तेवढंच हवं होतं.

पौडहून पोलिसांची गाडी आली तोवर शेठला जीपमध्ये घालून नेलं होतं. फौजदाराने विचारलं, "भांडण कशावरून?" त्या दोन दांडग्यांतला मागे राहिलेला म्हणाला, "काय न्हाई साहेब, सव्वीस लावल्याले, सव्वीस फुटले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय." फौजदार माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही मोजले?"

"नीट नाही मोजले," मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलले. कुणाचं नाव मी यात पुढे करणार नाही.

आप्पांना जाळीच्या गाडीत चढवलं. आमचं काय बोलणं झालं ते त्यांना कळलं नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही. गाडी सुरू झाली. दांडगा बुधरामला म्हणाला, "बगत काय ऱ्हायला? कड मोकळी कर." बुधरामने रक्ताची पहार उचलली, गमछ्याने पुसली आणि ती टेकत तो खडीवर चढू लागला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. आप्पा नाहीत म्हटल्यावर आता आकडा विचारायचा तर मलाच, असं ते बघणं होतं.

मी धावले. पाय खडीत घसरले, हाताची सालटी निघाली, मी त्याच्या पुढे जाऊन आडवी उभी राहिले आणि ओरडले, "पंचवीस! मी मोजलेत. पंचवीसच झालेत!"

दांडग्याने मला दंडाला धरून बाजूला फेकलं. मी परत उठून उभी राहिले. तेवढ्यात उतारावर गाडी थांबली. फौजदार खाली उतरला, त्याने काय ऐकलं कोण जाणे, पण हात वर करून सगळ्यांना खाली यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरून परवान्याची माणसं आणली. मागच्या ओळीतलं अकरावं भोक, टोपीसकट शाबूत, खडीखाली फूटभर. तिथल्या दगडावर बुधरामच्या पहारेचा एक ओरखडा पडलेला होता.

माझी नोकरी गेली, ती जायलाच हवी होती. कोर्टात मी जे खरं ते सांगितलं, आधीच्या खोट्यासकट; त्या तारखेला आप्पांना तिथे आणलेलं नव्हतं. आप्पांना भेटायला दोनदा येरवड्याला गेले. दोन्ही वेळा आतून निरोप आला, भेटायचं नाही. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या गाडीत. जाळीला तोंड लावून, सुजलेल्या डोळ्याने ते उतारावरून वर बघत होते. खडीत उभी असलेली मी आणि माझं हलणारं तोंड तेवढं त्यांना दिसत होतं.

"काय?" ते ओरडले. "मोट्यानं सांग! ऐकू येत न्हाई!"

मी पुन्हा ओरडले. मग पुन्हा. घसा फाटेपर्यंत तोच एक आकडा ओरडत राहिले. ते कान जाळीला लावत होते, आधी एक, मग दुसरा, आणि दर वेळी मान हलवून म्हणत होते, "मोट्यानं."